उजेडाचा ठिपका आणि लाजाळूचं पान

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी कविसंमेलन होतं. मी लाजाळूवरची कविता वाचली. हात लागताच ती कशी लाजते, मान कशी खाली घालते, असं सगळं त्या कवितेत होतं. टाळ्या बऱ्या पडल्या. संमेलन संपल्यावर चहाच्या टेबलाशी एक निवृत्त शिक्षक भेटले. विज्ञान शिकवायचे. म्हणाले, "कविता छान झाली हो. पण एक सांगा, पान मिटतं हे मलाही दिसतं. ते लाजतं हे तुम्हाला कुठून दिसलं?"

मी हसण्यावारी नेलं. कवीला असे प्रश्न विचारायचे नसतात, असं काहीतरी बोललो असेन. पण परतीच्या एस.टी.त तो प्रश्न शेजारी येऊन बसला. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, विज्ञानाशी माझी ओळख शाळेपुरती. तरी हाताला लागतील ती पुस्तकं वाचू लागलो आणि वाचता वाचता एका अशा माणसापाशी पोचलो, ज्याला हाच प्रश्न माझ्या आधी शंभर वर्षं पडला होता. फरक इतकाच की, त्यानं कविता केली नाही. त्यानं पानाला रेशमाचा धागा बांधला आणि धाग्याच्या दुसऱ्या टोकाला आरसा.

त्या माणसाकडे वळण्याआधी जरा आमच्या अंगणात डोकावू. आमच्याकडे शेवग्याचं झाड होतं. मगरिबची अजान झाली की दादी त्याला हात लावू द्यायची नाही. 'झाड सो गया बेटा,' म्हणायची. शेजारच्या काकू तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावायच्या आणि त्याही तेच सांगायच्या, "पान तोडू नकोस रे, झोपलंय ते." दोघींची बोली वेगळी, सांगणं एकच. आणि खरंच, अंधार पडला की शेवग्याची, चिंचेची, शिरीषाची पानं मिटलेली दिसायची.

हे मिटणं माणसानं फार पूर्वी टिपलं आहे. अलेक्झांडरच्या मोहिमेतल्या अँड्रोस्थेनीस नावाच्या एका अधिकाऱ्यानं आखातातल्या एका बेटावर, म्हणजे आजच्या बहारीनला, रात्री पानं मिटणारं झाड पाहिलं आणि लिहून ठेवलं. ते चिंचेचं झाड असावं असं मानतात. पुढे १७२९ मध्ये द मेरां नावाच्या फ्रेंच विद्वानानं पानं मिटणारं एक रोप अंधारात नेऊन ठेवलं. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत राहिली, रात्री मिटत राहिली. म्हणजे झाडाच्या आत काही घड्याळ आहे की काय, अशी शंका यावी. पण पान किती हललं, केव्हा हलू लागलं, किती वेगानं हललं, हे सांगायला डोळा पुरेना. पानाची चाल घड्याळाच्या तासकाट्यासारखी असते. काटा सरकलेला दिसतो. सरकताना दिसत नाही.

चार्ल्स डार्विननं उतारवयात या कामाला हात घातला. मुलगा फ्रान्सिस मदतीला होता. त्या बापलेकांची युक्ती मला फार आवडते, कारण ती घरातल्या सामानातून झाली होती. पानाला केसासारखी बारीक काचेची काडी चिकटवायची. काडीच्या टोकाला लाखेचा बारीक मणी. मागं एका पुठ्ठ्यावर काळा ठिपका. समोर उभी काच. मणी आणि ठिपका एका रेषेत आले की काचेवर शाईनं खूण करायची. थोड्या वेळानं पुन्हा पाहायचं, पुन्हा खूण. दिवसाअखेर खुणा जोडल्या की पानाचा प्रवास काचेवर उमटलेला असे. १८८० मध्ये बापलेकांचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यात कितीतरी रोपांच्या अशा वेड्यावाकड्या रेषा आहेत. पान एका जागी स्वस्थ नसतंच, हे त्या रेषांनी दाखवलं.

या फ्रान्सिस डार्विनच्या वर्गात केंब्रिजला बंगालमधला एक तरुण बसत असे. त्याचं नाव जगदीशचंद्र बोस.

बोसांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा. विलायतेतून शिकून ते परतले आणि १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. गोऱ्या प्राध्यापकाला मिळे त्याहून हिंदी प्राध्यापकाला पगार कमी, असा तेव्हाचा रिवाज. बोसांनी भांडण केलं नाही, नोकरीही सोडली नाही. तीन वर्षं पगारच घेतला नाही. शेवटी सरकारनं मागच्या थकबाकीसह पूर्ण पगार दिला. हा स्वभाव लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

त्यांचं पहिलं नाव झालं ते बिनतारी विद्युत्‌लहरींच्या प्रयोगांत. त्या लहरी पकडणारं त्यांचं उपकरण सतत वापरलं की मंद व्हायचं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं की पुन्हा तल्लख व्हायचं. धातू थकतो आणि विसावा घेतला की ताजा होतो? दुसरा कुणी असता तर उपकरण बिघडलं म्हणून बदलून टाकलं असतं. बोसांना वाटलं, धातू असा वागत असेल तर पान कसं वागेल? त्यांनी हॉर्स-चेस्टनट नावाच्या झाडाची पानं तोडून आणली, मग गाजरं आणली, सलगम आणले. टोचलं, पिरगाळलं, विजेचा झटका दिला. दर वेळी सूक्ष्म विद्युत्‌प्रवाहाची लाट उठली. लाजाळूसारख्या हलणाऱ्या झाडातच नव्हे, मंडईतल्या गाजरातसुद्धा.

हे सांगायला बोस लंडनला गेले. ६ जून १९०१ रोजी रॉयल सोसायटीपुढे त्यांनी प्रयोग मांडले. समोर बर्डन-सँडरसन हे शरीरशास्त्रातलं मोठं प्रस्थ बसलं होतं. त्यांनी स्वतः डार्विनच्या सांगण्यावरून १८७३ मध्ये माशी पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानातली विजेची लाट टिपली होती. ते म्हणाले, साध्या झाडात असं होत नाही. आणि निबंधाच्या मथळ्यातला 'रिस्पॉन्स' हा शब्द काढा, त्याऐवजी 'रिॲक्शन' घाला.

मी कवी आहे, त्यामुळे इथं माझे कान टवकारले. आपल्या भाषेत सांगायचं तर तक्रार अशी होती की, 'प्रतिसाद' म्हणू नका, 'प्रतिक्रिया' म्हणा. चुन्यावर पाणी पडलं की चुना तापतो ती प्रतिक्रिया. हाक मारली की मूल वळून बघतं तो प्रतिसाद. पानाला यातलं काय द्यायचं? बोसांनी शब्द बदलायला नकार दिला. निबंध छापला गेला नाही, दप्तरात जाऊन पडला. पुढल्या वर्षी लिनिअन सोसायटीनं बोसांचं म्हणणं ऐकून घेतलं, छापलंही. पण रॉयल सोसायटीत त्यांच्या वनस्पतींवरच्या लेखांना पुढेही असाच अडथळा आला. एका शब्दासाठी विद्वानांचं भांडण झालं, असं आपण म्हणू. पण भांडण शब्दाचं दिसलं तरी मुळात ते पुराव्याचं होतं. आणि एका गुलाम देशातल्या माणसानं दिलेली साक्ष धरायची की नाही, हेही त्याच्या तळाशी होतं, असं मला वाटतं.

म्हणून साक्षीदार असा हवा होता की ज्याला वर्ण नाही, भाषा नाही आणि वजनही नाही. बोसांनी उजेडाला साक्षीला बोलावलं.

आरशाची ही युक्ती त्यांनी शोधलेली नव्हे. अटलांटिक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेतून येणारा क्षीण संदेश वाचायला विल्यम टॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, आरशाचं गॅल्व्हनोमीटर केलं ते १८५८ सालीच. बोसांच्या जन्माचंच साल. योगायोग आहे, त्याला अर्थ चिकटवू नये. बोसांनी तीच युक्ती पानाकडे नेली.

लहानपणी आपण सगळ्यांनी आरशाचा कवडसा खेळवला आहे. अंगणात उभं राहून आरसा किंचित कलवला की समोरच्या घराच्या भिंतीवर कवडसा केवढी उडी मारतो! आरसा जितक्या कोनात फिरतो, त्याच्या दुप्पट कोनात किरण फिरतो. शिवाय भिंत जितकी लांब तितकी उडी मोठी. आता पानाला रेशमाचा हलका धागा बांधा, धागा एका नाजूक दांडीला आणि दांडीवर छोटासा आरसा. आरशावर दिव्याची तिरीप. समजा, दांडी एक सेंटिमीटरची आहे आणि भिंत तीन मीटरवर. पान एक दशांश मिलिमीटर खाली आलं, म्हणजे डोळ्याला काहीच कळणार नाही इतकं, तर भिंतीवरचा ठिपका सहा सेंटिमीटर सरकतो. सहाशेपट! एवढी मोठी हालचाल करून दाखवायला लाकडाची किंवा धातूची लांब काडी लावली असती, तर तिच्याच वजनानं पान वाकून गेलं असतं. उजेडाच्या काडीला वजन नाही. पानाला ती लागल्याचं कळतही नाही.

या उपकरणाला 'ऑप्टिकल लिव्हर' म्हणतात, उजेडाची तरफ म्हणा. १९०६ मध्ये निघालेल्या बोसांच्या मोठ्या ग्रंथाचा बराच भाग या तरफेच्या खांद्यावर उभा आहे. ठिपका फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर पडे आणि त्याचा माग घेत रेषा उमटवली जाई.

त्या रेषांत काय दिसलं? लाजाळूचं पान आपल्या देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठीतून हलतं. धक्का लागला की गाठीच्या खालच्या बाजूच्या पेशींतलं पाणी बाहेर जातं, गाठ ढिली पडते, पान कोसळतं. कोसळायला क्षण-दोन क्षण, पुन्हा उभं राहायला दहा-पंधरा मिनिटं. आलेख तसाच निघतो: खाली कडा आणि मग लांब चढण. पण या चढणीवर असतानाच पुन्हा धक्का दिला तर दुसरी कडा लहान. पुन्हा दिला तर आणखी लहान. थोड्या वेळानं पान हलेनासंच होतं. मग थांबा, उसंत द्या, की पुन्हा पहिल्याएवढं. आपण रोज रस्त्याकडेला लाजाळूला हात लावत जातो, पण तिचं हे थकणं आपल्या नजरेत भरत नाही. दिवसभराच्या नोंदींत आणखी एक गंमत दिसली. पहाटे लाजाळू सुस्त असते, उशिरा उठणाऱ्या माणसासारखी. पुरती जागी होते ती दुपारी.

दुसरं रोप बंगालमधलं. तिकडे त्याला बनचांडाल म्हणतात. त्याच्या मोठ्या पानाच्या दोन बाजूंना दोन चिमुकली पानं असतात आणि ती कुणी हात न लावता, वारा नसताना, आपोआप खालीवर होत राहतात. काही मिनिटांत एक फेरी. बोसांनी या पानाची चाल आरशानं टिपली तेव्हा नाडीच्या आलेखासारखी एकसारखी लाट निघाली. क्लोरोफॉर्मचा वास दिला, लाट मंदावली, थांबली. वेळेवर ताजी हवा सोडली, पुन्हा सुरू झाली. विष दिलं तर थांबली ती थांबलीच.

पण उजेडाच्या साक्षीतही एक खोट होती. ठिपका पानाचा, पण त्याचा माग घेणारा हात माणसाचा. शंकेखोरानं म्हणावं, तुमच्या लेखणीनंच ठिपक्याला वळण दिलं असेल! बोसांना ही खोट बोचत होती. पानानं स्वतःच्या हातानं लिहिलं पाहिजे, मधे कुणी नको, असा त्यांनी ध्यास घेतला. त्यातून काजळीची पाटी आली. काचेवर दिव्याची काजळी धरायची आणि पानाला बांधलेल्या हलक्या तारेच्या टोकानं त्यावर ओरखडा काढायचा. पण टोक काचेला सतत टेकलं की घासतं आणि पानाची सगळी ताकद त्या घासण्यात जाते. तेव्हा त्यांनी तार सतत टेकवलीच नाही. तिला ठरावीक गतीनं कंप पावायला लावलं, सेकंदाला दहा वेळा म्हणा, शंभर वेळा म्हणा. तार टिक-टिक करत काजळीवर टिंबं उमटवते. रेषेऐवजी टिंबांची माळ, आणि दोन टिंबांमधलं अंतर म्हणजेच घड्याळ. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब लागू लागला. धक्का दिल्यापासून लाजाळू हलायला लागेपर्यंत सेकंदाचा सुमारे दहावा भाग जातो, हे या टिंबांनी सांगितलं. आणि ही यंत्रं परदेशी कारखान्यातली नव्हेत. कलकत्त्यात, देशी कारागिरांच्या हातून घडलेली. त्या कारागिरांविषयी कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.

१९१४ मध्ये बोस ही यंत्रं आणि जिवंत रोपं घेऊन पुन्हा लंडनला गेले. त्यांच्या तिथल्या खासगी प्रयोगशाळेत बर्नार्ड शॉ आले होते. उकळत्या पाण्यात टाकलेल्या कोबीच्या पानाचे झटके त्यांनी यंत्रावर पाहिले आणि ते अस्वस्थ झाले, असं सांगतात. शॉ शाकाहारी होते! ही हकिकत बोसांच्या चरित्रात आहे. ते चरित्र लिहिणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा आपल्या मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. १९२० मध्ये ते प्रसिद्ध झालं.

आता फरीदपूरच्या खजुरीची गोष्ट. हे गाव आज बांगलादेशात आहे. तिथं एक कललेलं खजुरीचं झाड होतं. संध्याकाळी देवळाच्या घंटा वाजू लागल्या की ते झाड जमिनीकडे वाके आणि सकाळी पुन्हा मान वर करी. लोक दर्शनाला येत, नवस बोलत. मी तिथं असतो तर 'सजदा' हा शब्द आवरला नसता. दुसऱ्या कुणी साष्टांग नमस्कार म्हटलं असतं. बोसांनी त्याला यंत्र लावायचं ठरवलं. झाडाचा मालक राजी होईना, विलायती यंत्रानं झाड बाटेल म्हणून. यंत्र इथलंच आहे आणि ते बांधणारा मदतनीस पुजाऱ्याचा मुलगा आहे, असं सांगितल्यावर त्यानं परवानगी दिली.

नोंद अशी आली. झाड सकाळी सातच्या सुमारास सगळ्यात वर असे. मग ऊन चढत जाई तसं ते खाली येई. दुपारी तीननंतर ते सगळ्यात खाली असे. म्हणजे घंटा वाजण्याच्या आधीच ते वाकलेलं होतं. लोकांचं लक्ष मात्र घंटा वाजली की जाई. झाड प्रार्थनेला नव्हे, उष्णतेला प्रतिसाद देत होतं. पण म्हणून ते निर्जीव लाकडाचं वाकणं होतं का? तर तसंही नाही. पुढे ते झाड मेलं आणि त्याचं वाकणं-उठणंही थांबलं. ऊन तेच होतं, खोड तेच होतं. हलत होता तो जीव. भक्तही अर्धे बरोबर आणि नास्तिकही अर्धेच बरोबर, असा निकाल यंत्रानं दिला. मला हे फार लोभस वाटतं.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, बोसांनी कलकत्त्यात आपलं विज्ञान मंदिर उघडलं. आणि मग ज्यासाठी त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकांत येतं ते यंत्र आलं: क्रेस्कोग्राफ, म्हणजे वाढ मोजणारं. इथं पुन्हा आरसा परतला. त्यातल्या चुंबकीय प्रकारात झाडाच्या वाढीनं एक चुंबकी दांडी किंचित हले, तिच्यामुळे शेजारी टांगलेली चुंबकी सुई फिरे, सुईवर आरसा आणि आरशावरून उडालेला ठिपका भिंतीवर. एकूण वाढवून दाखवणं एक कोटीपट! झाड साधारण सेकंदाला इंचाचा एक लाखावा भाग वाढतं, असा बोसांचा हिशेब होता. एक कोटीनं गुणा. शंभर इंच. म्हणजे भिंतीवरचा ठिपका दर सेकंदाला आठ फूट पळणार. गवताचं पातं वाढत असताना त्याचा उजेड भिंतीवरून धावतो आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा.

साहजिकच शंका घेतली गेली. ऑगस्टस वॉलर हे शरीरशास्त्रज्ञ बोसांचे जुने प्रतिस्पर्धी. माणसाच्या हृदयाचा विद्युत्‌आलेख १८८७ मध्ये पहिल्यांदा टिपणारे तेच, तेव्हा माणूस लहान नव्हे. १९२० मध्ये त्यांनी 'टाइम्स'मधून जाहीर संशय व्यक्त केला की ठिपका पळतो तो वाढीमुळे कशावरून? त्रयस्थ प्रयोगशाळेत दाखवा. बोसांनी आव्हान स्वीकारलं. २३ एप्रिल १९२० रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जाणकारांसमोर प्रयोग झाला. त्यानंतर लॉर्ड रॅले, बेलिस, ब्लॅकमन आदींच्या सह्यांचं पत्र 'टाइम्स'मध्ये आलं: दहा लाख ते एक कोटीपट वाढवून हे यंत्र वनस्पतीची वाढ बरोबर नोंदवतं, अशी आमची खात्री झाली आहे, अशा आशयाचं. हे रॅले म्हणजे बोसांच्या केंब्रिजमधल्या गुरूंचे चिरंजीव. त्याच वर्षी बोस रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. एकोणीस वर्षांपूर्वी जिथं त्यांचा निबंध दप्तरात पडला होता, त्याच सोसायटीचे.

गोष्ट इथं थांबवली असती तर व्याख्यान झकास झालं असतं. पण ते प्रामाणिक झालं नसतं. यंत्र बरोबर होतं म्हणून यंत्रावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष बरोबर ठरत नाही. झाडाच्या मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी चढतं ते खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारख्या ठोके देतात म्हणून, असं बोसांनी १९२३ च्या पुस्तकात मांडलं. ते टिकलं नाही. पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी खालच्या पाण्याला ओढून घेतं, हे डिक्सन आणि जोली यांचं १८९४ पासूनचं म्हणणं आज मानलं जातं. बोसांनी झाडात नाडी पाहिली, मज्जातंतू पाहिले. विजेची लाट वनस्पतीत धावते हे खरं ठरलं; पण प्राण्यांसारखे मज्जातंतू झाडाला नाहीत.

आणि बोसांच्या नावावर इतरांनी काय काय खपवलं! १९६६ मध्ये अमेरिकेत बॅक्स्टर नावाच्या गृहस्थानं कुंडीतल्या झाडाला खोटं पकडायचं यंत्र लावलं आणि झाडाला माणसाच्या मनातलं कळतं असं जाहीर केलं. इतर शास्त्रज्ञांनी काळजीपूर्वक तसेच प्रयोग केले, त्यांना काही मिळालं नाही. तरी ती कथा पुस्तकांतून गाजली, आपल्याकडेही गाजली. आम्ही कवींनी तर ती डोक्यावर घेतली, कारण ती आमच्या सोयीची होती. मीही एका कवितेत वापरली होती. आता संग्रहातून ती काढून टाकली आहे.

बोस २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथं वारले. आरशाचं काम मात्र चालूच आहे, वेगळ्या रूपात. १९३१ मध्ये कौत्स्की आणि हिर्श यांनी अंधारात ठेवलेल्या पानावर निळा प्रकाश टाकून लाल काचेतून पाहिलं, तर पान तांबडं उजळलं आणि काही मिनिटांत मंद झालं. पानाला न वापरता आलेला प्रकाश ते असा परत फेकतं. उन्हानं, तहानेनं, औषधानं पान आजारी पडू लागलं की ही लाली बदलते. या तत्त्वावरची यंत्रं आज शेतीसंशोधनात रोजची झाली आहेत. पान पिवळं पडण्याआधीच ती सांगतात की काहीतरी बिघडतं आहे.

२०१८ मध्ये जपानी आणि अमेरिकी संशोधकांनी एक चित्रफीत दाखवली. मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपात त्यांनी जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनापासून बनवलेलं एक प्रथिन आणलं होतं. पेशीत कॅल्शियम वाढलं की ते उजळतं. अळीनं पान कुरतडलं आणि जखमेपासून उजेडाची लाट निघाली. देठातून, खोडातून, सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर या वेगानं दुसऱ्या पानांत शिरली. आता बाहेरचा आरसा नको. उजेड पानाच्या आतच आहे.

आणि २०२२ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी हेच लाजाळूत करून पाहिलं. जखम झाली की उजेडाची लाट धावते, देठाच्या गाठीपाशी पोचते आणि लगेच पान मिटतं. मग त्यांनी त्या गाठीच नसलेली लाजाळू तयार केली. ती मिटू शकत नव्हती. टोळांनी साध्या लाजाळूपेक्षा ती जास्त खाल्ली. मिटण्याचं एक कारण तरी हाती लागलं: किडा तोंड लावतो तेव्हा पान मिटलं तर त्याच्या तोंडचा घास जातो.

त्या शिक्षकांना मी हे सगळं पत्रानं कळवलं. वय झालं आहे त्यांचं, हात कापतो. तरी उत्तर आलं. लिहिलं होतं, "मिटण्याचं समजलं. कवितेतला शब्द बदललात का?" बदललेला नाही. 'लाजली' च्या जागी 'मिटली' घालून पाहिलं, ओळ लंगडू लागली. 'दचकली' करून पाहिलं, तेही पुन्हा माणसाचंच.

यंदा पावसात धाकट्या पुतणीला घेऊन गावाबाहेर गेलो होतो. रस्त्याच्या कडेला लाजाळू पसरलेली. तिनं बोट लावलं, पान मिटलं. मी मोबाइलमधलं घड्याळ लावलं आणि दोघं उकिडवे बसून राहिलो. पान पुरतं उघडायला तेरा मिनिटं लागली. लगेच तिचं बोट पुन्हा पुढे आलं.

"थांब," मी म्हटलं. "तिला जरा उसंत दे."